आठवणीची साक्ष : विज्ञानकथेतला गुप्तहेर आणि आपण

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



मी दरवर्षी या मांडवात असतो, पण माझी जागा मागे, वायरींच्या गुंत्यात. रेल्वेच्या सिग्नल खात्यातला माणूस म्हटल्यावर माइक आणि लाइटिंग आपोआप माझ्याकडे येते. यंदा कार्यवाह म्हणाले, "माइक लावताच आहात, तर एकदा त्याच्यासमोर उभेही राहा." मी साहित्यिक नाही, प्राध्यापक नाही. जळगावच्या शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा केला, रेल्वे भरतीची परीक्षा दिली आणि पहाडगंजच्या बाजूला येऊन पडलो, तो इथलाच झालो. तेव्हा बोलण्यात काही कमीजास्त झाले तर सांभाळून घ्या.

विषय मला आवडीचा घ्यायला सांगितले होते. माझी आवड दोन गोष्टींची, रहस्यकथा आणि विज्ञानकथा. म्हणून दोन्ही एकत्र येतील असा विषय निवडला आहे : ज्याची स्वतःची आठवणच भरवशाची नाही असा हुशार गुप्तहेर. ऐकायला हे गमतीचे वाटते. पण या विषयाने मला एकदा चांगलीच अद्दल घडवली आहे, आणि तीच गोष्ट सांगायला मी आज उभा आहे.

लहानपण भुसावळला, रेल्वे क्वार्टरमध्ये गेले. दुपारी वडील ड्यूटीवर आणि आई झोपलेली असली की भाड्याच्या वाचनालयातून आणलेली पुस्तके बाहेर यायची. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार, काळापहाड आणि धनंजय. एका माणसाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या हे आजही खरे वाटत नाही. पुढे सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद आणि मंदार पटवर्धन आले. या सगळ्या नायकांचे एक वैशिष्ट्य होते. त्यांची स्मरणशक्ती लोखंडी कपाटासारखी. सहा महिन्यांपूर्वी एकदाच पाहिलेला चेहरा, खोलीतल्या घड्याळाचे काटे, कोणाच्या बुटाला कसली माती लागली होती, सगळे कप्प्यात व्यवस्थित ठेवलेले. नायकाने कपाट उघडायचे आणि पुरावा बाहेर काढायचा. खोटे बोलायचा तो गुन्हेगार. नायकाची आठवण कधी खोटे बोलत नसे.

विज्ञानकथेने या कपाटालाच हात घातला. १९८७ साली 'रोबोकॉप' हा इंग्रजी चित्रपट आला. त्यात मारल्या गेलेल्या एका पोलिसाचे यंत्रमानवात रूपांतर करतात आणि त्याची जुनी स्मृती पुसून टाकतात. गुन्हेगार पकडण्यात तो पटाईत असतो, पण मधूनच त्याला एक घर दिसते, एक बाई दिसते, एक मूल दिसते, आणि ते कोणाचे हे त्याला कळत नाही. १९९० च्या 'टोटल रिकॉल'मध्ये तर आठवणी विकत मिळतात. फिलिप के. डिक या लेखकाच्या १९६६ च्या कथेवर तो बेतलेला आहे. नायकाला आपले कोणते आयुष्य खरे आणि कोणते डोक्यात भरलेले, याचा पत्ता लागत नाही.

मंडळी, इथे रहस्यकथेची सगळी गंमत उलटी होते. चोर बाहेरचा असेल तर दाराला कुलूप लावता येते. चोर आपल्याच डोक्यात बसला असेल तर कुलूप कुठे लावणार?

तरुणपणी मला वाटायचे, हे सगळे कल्पनेतले. पण २००८ या एकाच वर्षात तीन गोष्टी घडल्या आणि तिन्ही या विषयाशी जोडलेल्या आहेत. त्या सांगतो.

पहिली गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. २५ डिसेंबर २००८ ला आमिर खानचा 'गजनी' आला. डोक्याला मार लागल्याने नायकाला दर पंधरा मिनिटांनी नवे काही आठवेनासे होते. तरी तो खुनी शोधतो. कसा? फोटो काढून मागे लिहून ठेवतो, अंगावर गोंदवून घेतो.

दुसरी गोष्ट त्याच महिन्यातली, पण फार थोड्या लोकांच्या लक्षात आली. २ डिसेंबर २००८ ला अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाचे ८२ वर्षांचे गृहस्थ वारले. जिवंत असेपर्यंत वैद्यकशास्त्राच्या पुस्तकांत त्यांचे नाव फक्त 'एच. एम.' असे छापले जाई. १९५३ साली फेफऱ्याच्या आजारासाठी त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस हा भाग बराचसा काढला गेला. झटके कमी झाले, पण त्या दिवसापासून नवी आठवण तयार होणेच बंद झाले. डॉक्टर खोलीबाहेर जाऊन परत आले की त्यांच्यासाठी तो नवा माणूस. म्हणजे 'गजनी'तला आजार खरोखर असतो.

याच एच. एम. यांच्यावर ब्रेंडा मिल्नर या संशोधक बाईंनी एक सोपा प्रयोग केला. आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायची. आपल्याला पहिल्यांदा जमत नाही, हात उलटा जातो. एच. एम. रोज गिरवत होते आणि रोज त्यांचा हात सुधारत होता. पण दर वेळी ते सांगत, "हे मी पूर्वी कधी केलेले नाही." याचा अर्थ काय? हाताचे कौशल्य एका ठिकाणी साठते आणि घडलेल्या प्रसंगांची आठवण दुसऱ्या ठिकाणी. तेव्हा कौशल्य शाबूत पण आठवण बेभरवशाची, असा गुप्तहेर ही नुसती लेखकाची कल्पना नाही. मेंदूच्या रचनेत त्याला जागा आहे.

तिसरी गोष्ट आपल्या पुण्याची. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात जन्मठेप सुनावली. त्यात इतर परिस्थितिजन्य पुराव्यांबरोबर एका नव्या चाचणीचा आधार घेतला होता. तिचे नाव 'बीईओएस', म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींची स्वाक्षरी तपासणे. मुंबईच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत ही चाचणी झाली होती. संशयिताच्या डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी घालतात. त्याला गप्प बसवतात. मग एकेक वाक्य ऐकवतात, मी अमुक ठिकाणी गेलो, मी अमुक वस्तू घेतली, असे. त्याने काहीही उत्तर द्यायचे नाही. मेंदूतल्या लहरी बघून संगणक सांगणार की ही गोष्ट या माणसाने नुसती ऐकली आहे की स्वतः अनुभवली आहे. डॉ. मुकुंदन या बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत पूर्वी काम केलेल्या शास्त्रज्ञांनी ती पद्धत विकसित केली होती. या निकालाची चर्चा जगभरच्या वर्तमानपत्रांत झाली, कारण असे दुसरीकडे कुठे घडल्याचे कोणाच्या ऐकिवात नव्हते.

त्या खटल्यात कोण दोषी आणि कोण निर्दोष, हा माझा विषय नाही आणि माझा अधिकारही नाही. मी सांगतो ते माझ्यापुरते. ती बातमी वाचून मला तेव्हा अतिशय आनंद झाला होता! यंत्रावर प्रेम करणारा माणूस मी. वाटले, झाले, आता साक्षीदार फोडणे, खोटी साक्ष, सगळे संपले. लोखंडी कपाटाची किल्ली सापडली. ड्यूटीवर चहा पिताना मी सहकाऱ्यांना हे उत्साहाने सांगितल्याचेही आठवते. अर्थात, आठवते म्हणून ते तसेच घडले असेल, असे म्हणण्याची माझी आज हिंमत नाही. का नाही, ते आता सांगतो.

ही साधारण तीन वर्षांनंतरची गोष्ट. हिवाळ्याचे दिवस. इकडचे धुके तुम्हाला सांगायला नको. एका लहान स्टेशनवर रात्री ट्रॅक सर्किट फेल झाले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : रुळांतून बारीकसा करंट सोडलेला असतो. गाडी आली की तिच्या चाकांमुळे तो वाटेतच परत फिरतो, रिले पडतो, आणि सिग्नल लाल होतो. कुठे जोड सैल झाला तरी रिले पडतो, गाडी नसताना सिग्नल लाल राहतो, आणि मागे गाड्यांची रांग लागते.

दुरुस्तीचा एक कडक नियम आहे. सिग्नलच्या कुठल्याही वस्तूला हात लावण्यापूर्वी स्टेशन मास्तरला लेखी मेमो द्यायचा, त्याने वेळ टाकून सही करायची, मगच पेटी उघडायची. मेमोआधी हात लावला आणि त्याच वेळी गाडी सोडली गेली, तर काय होऊ शकते याचा विचारही नको. म्हणून या चुकीला माफी नसते.

त्या रात्री आमचे एक बुजुर्ग मेंटेनर ड्यूटीवर होते. निवृत्तीला अकरा महिने उरलेले. फेल्युअर कळल्यावर मी पोहोचलो, काम झाले, गाड्या सुटल्या. पण एक महत्त्वाची गाडी बराच वेळ अडकली होती, त्यामुळे चौकशी लागली. मला विचारले, मेमो आधी की काम आधी? मी डोळे मिटले आणि मला स्पष्ट दिसले : धुक्यात टॉर्चचा पिवळा गोळा, पेटीचे दार उघडे, मेंटेनर आत वाकलेले, डोक्याला राखाडी मफलर, आणि स्टेशन मास्तरच्या खोलीत अजून मेमोचे पुस्तक उघडलेलेही नाही. मी तसे लिहून दिले आणि सही केली. मला त्या माणसाबद्दल काही राग नव्हता. उलट आदर होता. पण खरे ते खरे, असे मी स्वतःला बजावले. खरे सांगायचे तर माझ्या प्रामाणिकपणाचा मला थोडा अभिमानही वाटला.

मग डेटा लॉगरचा कागद आला. हे यंत्र रिले रूममध्ये बसवलेले असते. प्रत्येक रिले केव्हा उचलला, केव्हा पडला, हे ते १६ मिलिसेकंदांच्या आत टिपते आणि वेळेसह साठवते. मेमोवर स्टेशन मास्तरने वेळ टाकली होती २ वाजून ३५ मिनिटे. आणि लॉगरमध्ये तो रिले फडफडायला, म्हणजे पेटीत कोणीतरी जोड हलवायला सुरुवात झाली होती २ वाजून ३३ मिनिटांनी. दोन मिनिटे आधी! संपले. इंजिनिअरची साक्ष आणि यंत्राची साक्ष जुळली. चार्जशीटचा मसुदा तयार होऊ लागला. मोठी शिक्षा झाली असती तर पेन्शनवर परिणाम होता.

मेंटेनर मला भेटायला आले. रडले नाहीत, रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहब, एक बार गाड़ी का टाइम मिला लीजिए."

मला आधी अर्थ लागला नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर लागला. दुसऱ्या दिवशी मी स्टेशनचे ट्रेन सिग्नल रजिस्टर घेऊन बसलो. फेल्युअरच्या आधी एक मालगाडी गेली होती. रजिस्टरमध्ये ती १ वाजून ५८ मिनिटांनी बाहेर पडलेली. शेजारच्या स्टेशनच्या रजिस्टरशी ही वेळ जुळत होती. आणि लॉगरमध्ये त्याच मालगाडीने शेवटचे ट्रॅक सर्किट सोडले १ वाजून ५० मिनिटांनी. लॉगरचे घड्याळ आठ मिनिटे मागे होते! म्हणजे २:३३ ही नोंद खऱ्या घड्याळाने २:४१. मेमोनंतर सहा मिनिटे. मेंटेनरनी नियमाप्रमाणेच काम केले होते.

मग मला जे दिसले होते ते काय होते? टॉर्च, मफलर, उघडी पेटी? मी माझी डायरी काढली. चार रात्री आधी त्याच स्टेशनवर, तसल्याच धुक्यात मी तपासणीला गेलो होतो आणि मेंटेनर त्या पेटीपाशी होते. रीतसर परवानगीचे काम होते ते. माझ्या डोक्याने त्या रात्रीचे चित्र उचलून या रात्रीला चिकटवले होते. सांधा इतका बेमालूम की मलाच दिसला नाही.

मी जबाब बदलून दिला. कारण लिहिले, "स्मरणात चूक." वरिष्ठांनी मला चार शब्द ऐकवले ते योग्यच होते. मेंटेनर सन्मानाने निवृत्त झाले. मी माफी मागितली तेव्हा ते म्हणाले, "आपने झूठ थोड़े ही बोला था साहब, आपको याद ही ऐसा था." मंडळी, त्यांनी माफ केले, पण या वाक्याने माझी झोप उडाली. खोटे बोलणाऱ्याला निदान ठाऊक तरी असते की आपण खोटे बोलतो आहोत. मला तेही ठाऊक नव्हते.

त्यानंतर मी या विषयावर जमेल तसे वाचायला लागलो. कळले की मी काही जगावेगळा नाही. १९७४ साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली. मग वेग किती होता ते विचारले. प्रश्न एकच, फक्त एक शब्द बदलला. मोटारी एकमेकींना 'भिडल्या' तेव्हा, असे विचारले तर सरासरी उत्तर आले ताशी सुमारे ५१ किलोमीटर. 'धाडकन आदळून चुराडा झाला' अशा अर्थाचा शब्द वापरला तर ६५. पुढच्या प्रयोगात एका आठवड्याने विचारले, फुटलेल्या काचा पाहिल्या का? फिल्ममध्ये काच फुटलेली नव्हतीच. पण जोरदार शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांनी 'हो' सांगितले. साधा 'धडकल्या' हा शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी. म्हणजे चौकशी करणाऱ्याच्या एका शब्दाने साक्षीदाराच्या डोक्यात काचा पसरतात, आणि त्या त्याला दिसतात.

आठवण ही कपाटातली फाइल नाही. कीर्तनकार तेच आख्यान लावतो, पण प्रत्येक गावात ते थोडे वेगळे होते. आठवणही दर वेळी नव्याने उभी राहते, आणि उभी राहताना समोरच्या प्रश्नाचा, मागच्या भीतीचा, दुसऱ्या कोणाकडून ऐकलेल्याचा रंग घेते.

आता पुन्हा पुण्याच्या त्या यंत्राकडे येऊ. समजा, चौकशीच्या दिवशी ती टोपी माझ्या डोक्यावर घातली असती आणि वाक्य ऐकवले असते, "मी मेमोआधी पेटी उघडी पाहिली." यंत्र काय म्हणाले असते? मला तर तो अनुभवच वाटत होता! टॉर्चच्या उजेडासकट. जे आठवते ते खरेच घडले होते का, हे मेंदूलाच ठाऊक नसेल तर लहरी कुठून सांगणार? २०१० साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी मेंदूचे स्कॅन घेऊन नेमके हेच तपासले. एखादा चेहरा पूर्वी पाहिल्यासारखा माणसाला वाटतो का, हे स्कॅनवरून बरेचसे ओळखता आले. पण त्याने तो खरोखर पाहिला होता का, हे ओळखणे जमले नाही. वाटणे आणि असणे यांतला फरक यंत्रालाही सापडला नाही.

आपल्या देशातही वेळीच ब्रेक लागला. निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २००८ मध्येच सांगितले की या चाचण्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही, न्यायालयात पुरावा म्हणून त्या वापरू नयेत. आणि ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात निकाल दिला : नार्को, लाय डिटेक्टर आणि मेंदूच्या चाचण्या कोणावरही जबरदस्तीने करता येणार नाहीत. माणूस स्वखुशीने तयार झाला तरी चाचणीचा निष्कर्ष हाच पुरावा मानता येणार नाही. त्यातून पुढे काही वस्तू किंवा माहिती प्रत्यक्ष सापडली तर तिचा कायद्याप्रमाणे विचार होईल. आपल्या भाषेत सांगायचे तर, लॉगरच्या कागदावर सही करण्याआधी मालगाडीची वेळ जुळवून बघा, असेच न्यायालयाने सांगितले.

कोणी म्हणेल, मग यंत्र नको, आठवण नको, विश्वास ठेवायचा तरी कशावर? इथे पुन्हा आपला बेभरवशाचा गुप्तहेर कामाला येतो. त्याला ठाऊक असते की आपल्या डोक्यावर विसंबता येत नाही, म्हणून तो लिहून ठेवतो. पण त्यातही खाच आहे. 'गजनी'च्या आधी, २००० साली, 'मेमेंटो' हा इंग्रजी चित्रपट आला होता. आजार तोच, फोटो आणि गोंदण तेच. पण त्यात नायक एका क्षणी स्वतःसाठी मुद्दाम चुकीची नोंद लिहून ठेवतो. पंधरा मिनिटांनी तो ते विसरणार आणि त्या नोंदीवर डोळे झाकून विश्वास ठेवणार, हे त्याला माहीत असते. तेव्हा नुसते लिहिणे पुरत नाही. रागाच्या भरात लिहिलेली, चार दिवसांनी आठवून लिहिलेली, सोयीची लिहिलेली नोंद ही आठवणीपेक्षाही धोकादायक, कारण तिच्यावर शाईचा शिक्का असतो.

आपल्या कायद्याने हे फार पूर्वी ओळखले आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १५९ होते. साक्षीदाराला आठवण ताजी करण्यासाठी स्वतः लिहिलेला कागद बघता येतो, पण तो प्रसंगाच्या वेळीच किंवा त्यानंतर लगेच लिहिलेला असला पाहिजे. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यातही ही तरतूद कायम आहे. दीडशे वर्षांपूर्वी मेंदूचे स्कॅन नव्हते, पण आठवण शिळी होते हे ठाऊक होते.

दुसरी गोष्ट, तपासणाऱ्याला उत्तर आधीच माहीत नसावे. इथे मला आपले डॉ. जयंत नारळीकर आठवतात. मे २०२५ मध्ये ते आपल्यातून गेले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती स्वतःच्या नावाने नव्हे, तर 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती. एवढा जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ आहे म्हणून परीक्षकांनी झुकते माप देऊ नये, हा हेतू. कथेला बक्षीस मिळाले ते कथेच्या गुणांवर. ही खरी शास्त्रज्ञाची वृत्ती. ओळख परेड घेणाऱ्यालाही संशयित कोण हे ठाऊक नसावे, असे तज्ज्ञ सांगतात ते याच कारणासाठी. ठाऊक असले की नकळत शब्द झुकतो, आणि शब्द झुकला की समोरच्याच्या डोक्यात काचा पसरतात.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. "माझी चूक होऊ शकते" एवढे वाक्य तोंडातून काढणे. मोठ्या आवाजात, छातीठोकपणे सांगितलेली आठवण खरी असतेच असे नाही. माझी तर सगळ्यांत ठळक आठवणच चुकीची निघाली.

घरातलेच उदाहरण देतो, म्हणजे तुम्हाला हसू येईल. मी अनेक वर्षे सगळ्यांना सांगत होतो की 'गजनी' मी आणि सौ.ने पहिल्याच दिवशी आपल्या शीला टॉकीजला पाहिला. टॉकीज आता बंद झाली, त्यामुळे विचारायलाही कोणी नाही. सौ. म्हणायची, "छे, काहीतरीच." शेवटी तिने २००८ ची खर्चाची वही काढली. २५ डिसेंबर : दूध, रजईला कापूस, आणि पुढे तिच्या अक्षरात, 'ह्यांची नाइट'. सिनेमा आम्ही जानेवारीत नागपूरला तिच्या माहेरी गेलो तेव्हा पाहिला होता. तिकिटाचे पैसे तिच्या भावाने दिले म्हणून खर्चात नोंद नाही, पण प्रवासाची आहे. त्या दिवसापासून आमच्या घरातले सर्वोच्च न्यायालय म्हणजे ती वही.

हसण्यावारी नेऊ नका. भावाभावांत, सासू-सुनांत, शेजाऱ्यांत कितीतरी भांडणे याच पायावर उभी असतात. "तू त्या दिवशी असे म्हणाला होतास." "मी म्हणालोच नव्हतो." दोघेही प्रामाणिक असतात. दोघांच्याही डोक्यात टॉर्च असते, मफलर असतो. अशा वेळी समोरच्याला खोटारडा म्हणण्यापूर्वी एकदा गाडीची वेळ जुळवून बघा. वही असेल तर वही काढा. नसेल तर निदान आवाज खाली घ्या.

आज बाप्पासमोर बोलतो आहे, म्हणून शेवट त्याच्याच कथेने करतो. महाभारत व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहिले, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. गणपतीची अट होती, माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली, अर्थ समजल्याशिवाय एकही अक्षर लिहायचे नाही. लहानपणी मला ही दोघांची गमतीची चढाओढ वाटायची. आता वाटते, साक्ष कशी नोंदवावी याचे दोन्ही नियम यात आले. सांगितले की लगेच लिहा, आणि समजून घेतल्याशिवाय लिहू नका.

ते बुजुर्ग मेंटेनर निवृत्त होऊन आपल्या गावी गेले. मी आजही प्रत्येक स्टेशनच्या तपासणीत आधी लॉगरचे घड्याळ बघतो, मग बाकी सगळे. हाताखालच्या नव्या मुलांना वाटते साहेबांची ही खोड आहे. ती खोड कुठून आली, हे मी आज पहिल्यांदाच चारचौघांत सांगितले. निदान मला तरी आठवते, की पहिल्यांदाच!



गणपती बाप्पा मोरया!